किरमिजी धागा, सुईची गाठ : आर्मेनियाच्या हस्तकला समजून घेताना

माझी भाची येरेवानला डॉक्टरकी शिकते. आर्मेनियाच्या या राजधानीत आपल्याकडची बरीच मुलं मेडिकलसाठी जातात. गेल्या सुट्टीत आली तेव्हा तिने माझ्यासाठी पांढऱ्या सुताचं गोल जाळीकाम आणलं, चहाच्या बशीएवढं. मी पटकन म्हटलं, "किती नाजूक क्रोशा आहे!" तर ती म्हणाली, "मावशी, क्रोशा नाहीये हा. एखादा धागा ओढून बघ."

ओढून पाहिला. हलेना. क्रोशाच्या रुमालाचं टोक सुटलं की तो सरसर उसवत जातो, हे रुखवतासाठी रुमाल विणलेल्या कुणालाही ठाऊक असतं. या जाळीत मात्र मध्येच एखादा धागा तुटला तरी शेजारचे टाके जागचे हलत नाहीत. असं का, हे शोधायला बसले आणि एका प्रश्नातून दुसरा निघत गेला. त्या शोधात दगड आले, किडे आले, गालिचे आले. जे समजलं ते इथे सांगते.

साधी सुई, साधा दोरा

लेसला आर्मेनियन भाषेत झान्याक म्हणतात. ती विणायला आकड्याची सुई लागत नाही, चौकट लागत नाही, उशीही लागत नाही. नेहमीची शिवणाची सुई आणि पक्का पीळ दिलेला दोरा, एवढंच सामान. मधोमध दोऱ्याचं एक छोटं कडं करायचं. त्यातून सुई घालायची, दोरा सुईच्या टोकाला वेढायचा आणि सुई ओढून घ्यायची. वेढ्याची घट्ट गाठ बसते आणि तिच्या मागे एक इवलीशी कमान उरते. मग पुढची गाठ, पुढची कमान. एक फेरी पुरी झाली की दुसऱ्या फेरीत प्रत्येक कमानीत नवी गाठ. एका कमानीत दोन गाठी घातल्या की जाळी पसरते, कडेची एकेक कमान सोडत गेलं की टोकदार त्रिकोण होतो. एवढ्याच कमी-जास्तीतून पाकळ्या, चांदण्या, सूर्याची किरणं निघतात. कमान किती सैल सोडायची ते बोटांना कळतं, मोजपट्टी कुणी धरत नाही.

आता धागा का हलला नाही ते लक्षात येईल. क्रोशात एक फास दुसऱ्या फासात अडकलेला असतो, म्हणून सगळे एकमेकांच्या आधाराने उभे असतात. झान्याकमध्ये प्रत्येक टाका स्वतःच्या गाठीवर उभा असतो. मासे धरायचं कोळ्याचं जाळं एका जागी फाटलं म्हणून सगळं उसवत नाही, त्यातलाच हा प्रकार. याची किंमत विणणारीला मोजावी लागते. चुकीची गाठ बसली तर मागे ओढून सोडवता येत नाही. सुईच्या टोकाने तासभर उकलत बसा नाहीतर कात्री लावा.

ही कला आर्मेनियातल्या, आणि आज तुर्कस्तानात असलेल्या जुन्या आर्मेनियन वस्त्यांतल्या बायकांच्या हातात पिढ्यान् पिढ्या होती. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा जो संहार झाला, त्यात सहा ते पंधरा लाख माणसं मेली असे अंदाज आहेत. जगलेल्या बायका सीरियात, लेबनॉनमध्ये, ग्रीसमध्ये निर्वासित छावण्यांत पोचल्या तेव्हा घर, शेत, दागिना यातलं जवळजवळ काही उरलं नव्हतं. सुई मात्र कुठेही मिळते. अनेकींनी याच कामावर मुलं वाढवली.

दगडावरची लेस

येरेवानच्या ईशान्येला डोंगरात गोशावांक नावाचा मठ आहे. तिथे माणसापेक्षा उंच अशी एक दगडी शिळा उभी आहे, १२९१ साली पोघोस नावाच्या कारागिराने कोरलेली. तिच्यावरची नक्षी एवढी बारीक आहे, आणि एकाखाली एक अशा इतक्या थरांत कोरलेली आहे, की लोक तिला 'सुईने विणलेली' म्हणूनच ओळखतात. माझ्या टेबलावरची बशीएवढी जाळी आणि ती शिळा यांच्यात सातशे वर्षांचं अंतर आहे, पण पाहणाऱ्याला दोन्हींत एकच नजर दिसते.

अशा शिळेला खाचकार म्हणतात. आर्मेनियनमध्ये खाच म्हणजे क्रूस आणि कार म्हणजे दगड. (मराठीतली खाच वेगळी, पण दगडात खाचा पाडूनच हे काम होतं, म्हणून हा शब्द माझ्या लगेच लक्षात राहिला.) आर्मेनियाने इसवी सन ३०१ च्या सुमारास ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला, असं परंपरा सांगते. खाचकार मात्र नवव्या शतकापासून घडू लागले. तारीख कोरलेला सर्वांत जुना ज्ञात खाचकार गार्नीचा, ८७९ सालचा, राणी कात्रानिदेच्या नावाचा.

खाचकार वाचायचा कसा? मधोमध क्रूस असतो, पण बहुतेक खाचकारांवर येशूची मूर्ती नसते. क्रूसाच्या खालच्या टोकातून दोन्ही बाजूंना पानं फुटलेली असतात, जणू तो लाकडाचा खांब नसून जिवंत झाड आहे. मरणाच्या खुणेला पालवी फुटलेली दाखवायची, हा या कलेचा गाभा. क्रूसाच्या खाली वर्तुळ असतं, सूर्याचं किंवा अनंताच्या चक्राचं. उरलेल्या जागेत वेली, द्राक्षांचे घोस, डाळिंबं आणि गुंतलेल्या पट्ट्या. कोरलेली बाजू पश्चिमेला ठेवतात, म्हणजे पुढे उभा राहून प्रार्थना करणाऱ्याचं तोंड पूर्वेला होतं. कुणाच्या आत्म्यासाठी, कुठे पूल बांधला म्हणून, कुठे लढाई जिंकली म्हणून खाचकार उभे केले गेले. आर्मेनियात पन्नास हजारांहून अधिक खाचकार आहेत आणि कोणतेही दोन सारखे नाहीत. २०१० साली युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आजही येरेवानच्या कार्यशाळांत उस्ताद कारागीर (त्यांना 'वार्पेत' म्हणतात) छिन्नी-हातोडीने मोठे खाचकार घडवतात. बाजारात हातभर किंवा तळहाताएवढे मिळतात तेही बहुधा तूफ या दगडाचेच असतात. तूफ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला दगड. कोरायला मऊ, रंगाने गुलाबी, केशरी किंवा काळा. येरेवानच्या कितीतरी इमारती या दगडाने बांधलेल्या आहेत.

सेवान सरोवराजवळ नोरातुसची जुनी दफनभूमी आहे, तिथे शेकडो खाचकार रांगेने उभे आहेत. तैमूरचं सैन्य चालून आलं तेव्हा गावकऱ्यांनी खाचकारांना शिरस्त्राणं घातली, तलवारी टेकवल्या आणि लांबून ती फौज वाटल्याने शत्रू मागे फिरला, अशी दंतकथा तिथले लोक सांगतात.

याहून मोठी दफनभूमी जुघा गावाची होती, आरास नदीच्या काठी, आज अझरबैजानच्या ताब्यातल्या नखिचेवानमध्ये. ती आता नाही. १९९८ पासून तिथले खाचकार पाडले जात होते आणि डिसेंबर २००५ मध्ये उरलेले फोडून नदीत लोटतानाचं चित्रण नदीपलीकडून, इराणच्या बाजूने झालं. अझरबैजान सरकार हे नाकारतं, पण ती जमीन आज सपाट आहे.

जुघाचं एक टोक आपल्या मुंबईपर्यंत येतं. १६०४-०५ मध्ये इराणच्या शाह अब्बासने या गावातल्या आर्मेनियन लोकांना उठवून इस्फहानला नेलं आणि तिथे त्यांनी नवी जुघा वसवली. तिथले व्यापारी पुढे सुरत, मद्रास, कलकत्ता, मुंबई असे पसरले. मुंबईच्या फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटवर १७९६ साली त्यांनी सेंट पीटर्स हे आर्मेनियन चर्च बांधलं. त्या काळी तिथे प्रार्थना करणाऱ्या अनेकांचे पूर्वज जुघाच्या त्या खाचकारांखाली पुरलेले असणार.

किडा आणि रंग

आता रंगाकडे येते, कारण आर्मेनियाची माझ्या मते सर्वांत विलक्षण गोष्ट तीच आहे. आपण 'किरमिजी' म्हणतो तो रंग. हा शब्द आपल्याकडे फारसी-अरबी 'किर्मिझ'वरून आला. त्याच्या मुळाशी 'किर्म', म्हणजे किडा. संस्कृतातला 'कृमी' त्याचाच भाऊबंद. आर्मेनियनमध्ये तांबड्याला 'कार्मीर' म्हणतात, तोही इराणी भाषांतून आलेला, याच मुळाचा. आणि त्यांच्या प्रसिद्ध तांबड्या रंगाचं नाव वोर्दान कार्मीर, म्हणजे 'किड्याचं तांबडं'.

किडा खराच आहे. अरारातच्या मैदानात खाऱ्या दलदलीची जमीन आहे. तिथल्या खारट गवताच्या आणि वेताच्या मुळांवर तो जमिनीखाली वाढतो. मादीला पंख नसतात. वर्षभर ती मातीत असते आणि साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तेही पहाटेचे काही तास, वर येते. नराशी मीलन झालं की पुन्हा मातीत जाऊन अंडी घालते आणि मरते. रंग गोळा करणाऱ्याला वर्षातून एवढीच संधी. जांभळट लाल थेंबासारख्या त्या माद्या हाताने वेचायच्या, वाळवायच्या, कुटायच्या. या किड्याच्या अंगात चरबी फार असते, त्यामुळे रंग सुटायला वेळ लागतो आणि थोड्या रंगाला पुष्कळ किडे लागतात. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळून घेतली की रंग तिला घट्ट धरतो, आणि मग तो पिढ्यान् पिढ्या उतरत नाही.

नवव्या शतकात अरब इतिहासकार अल-बलाधुरीने आर्ताशात या आर्मेनियन शहराचा उल्लेख 'किर्मिझचं गाव' असा केला आहे. मठातले लेखनिक हाच रंग हस्तलिखितांच्या चित्रांत वापरत. येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात ती पानं आजही अशी दिसतात, की रंग काल लावला असावा.

सोळाव्या शतकानंतर स्पॅनिश जहाजांनी मेक्सिकोतला निवडुंगावरचा किडा जगभर नेला. त्यात रंग कितीतरी जास्त आणि चरबी कमी. अरारातचा किडा व्यापारात मागे पडला. एकोणिसाव्या शतकात रासायनिक रंग आले. विसाव्या शतकात दलदल आटवून शेतं झाली आणि किड्याला राहायला जागाही उरेना. १९८७ साली आराझाप आणि जरारात या गावांजवळ त्याच्यासाठी राखीव क्षेत्र केलं गेलं. किड्यासाठी अभयारण्य, ही कल्पनाच मला फार आवडते.

गालिच्याची मागची बाजू

आपला दुसरा शब्द 'गालिचा'. तो फारसी 'काली'वरून आला. तेराव्या शतकातला भूगोलकार याकूत लिहितो की काली हे नाव कालीकला या आर्मेनियन शहरावरून पडलं, कारण तिथे हे गालिचे होत. ते शहर म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं एर्झुरूम. सगळ्याच भाषातज्ज्ञांना हे पटलेलं नाही, पण आठशे वर्षांपूर्वी गालिचा म्हटल्यावर कोणता मुलूख डोळ्यांपुढे येत होता, ते यातून कळतं.

आर्मेनियन लोक गाठींच्या लवदार गालिच्याला 'गोर्ग' म्हणतात आणि लव नसलेल्या सपाट विणीला 'कार्पेत'. गोर्ग असा होतो: मागावर ताण्याचे दोरे उभे ताणलेले असतात. विणकरीण लोकरीचा रंगीत धागा शेजारच्या दोन दोऱ्यांभोवती वेढते, दोन्ही टोकं त्या दोघांच्या मधून पुढे काढते, खाली ओढते आणि सुरीने कापते. टोकं उभी राहतात, तीच लव. एक ओळ भरली की बाण्याचा धागा आडवा घालून जड फणीने ठोकायचा. पुन्हा पहिल्यापासून. नक्षी म्हणजे कोणत्या जोडीवर कोणत्या रंगाची गाठ, एवढाच हिशेब.

हा हिशेब किती मोठा होऊ शकतो ते एका गालिच्यावरून कळेल. लेबनॉनमध्ये घाझीर गावी अमेरिकन मदत संस्थेचं अनाथालय होतं. संहारातून वाचलेल्या आर्मेनियन मुली तिथे गालिचे विणायला शिकत. अमेरिकेचे आभार मानायला त्यांनी एक गालिचा विणला, साडेअकरा फूट रुंद, साडेअठरा फूट लांब, झाडाझुडपांत पशुपक्षी रमलेले. त्यात ४४,०४,२०६ गाठी आहेत. दहा महिने काम चाललं. १९२५ च्या डिसेंबरात तो राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना देण्यात आला. पुढे बरीच वर्षं तो कोठारात होता, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तो काही दिवस लोकांना पाहायला ठेवला गेला. आई-बाप डोळ्यांदेखत गमावलेल्या मुलींनी नंदनवनाचं चित्र निवडावं, हे मला वाचल्यापासून विसरता येत नाही. त्या गालिच्याच्या प्रत्येक चौरस इंचात सुमारे एकशेचाळीस गाठी आहेत. आपल्या पोस्टाच्या तिकिटावर शंभराच्या वर गाठी, असं मनात आणून पाहा.

हे वस्तू घेऊन निघणं अजून थांबलेलं नाही. नागोर्नो-काराबाख या डोंगराळ प्रदेशावरून अझरबैजानशी झालेल्या २०२० च्या युद्धात तिथलं शुशी शहर हातचं जायच्या आधी तिथल्या गालिच्यांच्या संग्रहालयातले कितीतरी गालिचे येरेवानला हलवले. सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाखमधून लाखभर आर्मेनियन माणसं आठवड्याभरात बाहेर पडली.

मातीची भांडी, अक्षरं, डाळिंब

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात सांगते. जेरुसलेममध्ये निळ्या-हिरव्या फुलांची 'आर्मेनियन' भांडी आणि फरशा मिळतात. त्यांचं मूळ तुर्कस्तानातल्या क्युताह्या गावी आहे. डोम ऑफ द रॉकच्या फरशांची डागडुजी करण्यासाठी १९१९ साली दाविद ओहान्नेस्सियान हा क्युताह्याचा निर्वासित उस्ताद तिथे आला. त्याने आणलेल्या कारागिरांपैकी बालियान आणि काराकाशियान यांनी १९२२ मध्ये आपली वेगळी कार्यशाळा काढली. मुसलमानांच्या पवित्र वास्तूसाठी ख्रिस्ती कारागीर आले आणि ती कला त्या शहराचीच होऊन बसली.

अक्षरं त्यांच्यासाठी दागिना आहेत. ४०५ साली मेस्रोप माश्तोत्स या साधूने ३६ अक्षरांची लिपी घडवली आणि आजही ती चालते. मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर चांदीत करून गळ्यात घालणं ही नेहमीची भेट. जुन्या हस्तलिखितांत अक्षरं पक्ष्यांच्या आकारांतून काढत, तीच आता कपांवर, रुमालांवर, पेंडंटवर येतात. ही अक्षरकला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, आणि ग्युमरी शहराची लोहारकी २०२३ मध्ये.

डाळिंब सगळीकडे दिसेल, मातीचं, चांदीचं, लोकरीचं. दाणे भरपूर म्हणून भरल्या घराची खूण. पूर्वी काही भागांत नवरी डाळिंब भिंतीवर आपटून फोडायची आणि दाणे विखुरले की घर मुलाबाळांनी भरेल असं मानत. अघामान हे मिठाचं मातीचं भांडं बाईच्या आकाराचं असतं, पोटाशी मीठ ठेवायची जागा. आणि माझं सगळ्यांत लाडकं अकलातिझ: ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत एका कांद्यात सात पिसं खोचून तो छताला टांगायचा आणि दर आठवड्याला एक पीस काढायचं. घरातल्या पोरांना उपास किती उरला ते वर बघून कळायचं.

घ्यायचं तर कसं घ्यायचं

येरेवानच्या रिपब्लिक चौकाजवळ वेर्निसाज नावाचा उघड्यावरचा बाजार आहे. शनिवार-रविवारी तो भरगच्च असतो. १९८० च्या दशकात चित्रकार आपली चित्रं घेऊन तिथे बसू लागले, त्यातून तो वाढला. तिथे हाताचं काम आणि यंत्राचा माल शेजारी शेजारी मांडलेला असतो, म्हणून थोडं पाहून घ्यावं.

गालिचा नेहमी उलटा करून बघा. हाताच्या कामात मागे गाठी एकेक दिसतात, ओळी किंचित वाकड्या असतात आणि नक्षी मागूनही स्पष्ट कळते. टोकाच्या झालरी ताण्याच्याच दोऱ्यांच्या असतात. त्या वेगळ्या शिवून लावलेल्या दिसल्या तर सावध व्हा. लेस उन्हात धरून बघा, कमानींच्या सांध्यावर टाचणीच्या टोकाएवढे गाठींचे ठिपके दिसायला हवेत. खाचकारावर बोट फिरवा. कोरलेल्या दगडाच्या कडा धारदार लागतात, साच्यातून काढलेल्याच्या गुळगुळीत. जुना गालिचा घ्यायचा असेल तर तो देशाबाहेर न्यायला सरकारी परवाना लागतो, तो विकणाऱ्याकडून आधीच मागून घ्या. आणि सुंदर लेसची किंमत ऐकून घासाघीस करायच्या आधी गाठी मोजायला सुरुवात करा. मी माझ्या जाळीची एक फेरी मोजली, एकशेबारा भरल्या, आणि फेऱ्या आहेत सव्वीस.

गालिच्यांत एक गोहारचा गालिचा म्हणून प्रसिद्ध आहे, सतराव्या शतकाच्या अखेरीचा. त्यावर विणकरणीने आपलं नाव विणलं आहे. मी पापी, दुबळ्या मनाची गोहार, नुकत्याच शिकलेल्या हातांनी हा विणला, वाचणाऱ्याने माझ्यासाठी देवाकडे दयेचा एक शब्द मागावा, असा त्याचा भाव आहे. हे भाचीला फोनवर वाचून दाखवलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, तुला दिली ती जाळी मी विकत नाही घेतली. आमच्या घरमालकीणबाई शिकवतात दर रविवारी. अकराव्या फेरीत डावीकडे बघ, दोन गाठी एकाच कमानीत पडल्यात. सोडवता आल्या नाहीत."

शोधल्या. आहेत.